बुडखा मरत का नाही? चिकणमातीतल्या झाडांचं वारंवार डोकं वर काढणारं दुखणं

तक्रार नेहमी एकच असते. झाड तोडलं, बुडखा जमिनीलगत कापला, वर माती ओढली आणि विषय संपला असं वाटलं. पहिल्या पावसानंतर महिन्याभरात बुडख्याच्या कडेने हातभर उंचीचे धुमारे उभे. ते छाटले, तर पुढच्या खेपेला दुप्पट. वर तोपर्यंत भरलेला खड्डा खचलेला असतो आणि शेजारचं चांगलं झाड पानं टाकायला लागलेलं असतं.

मी एका सुबाभळीच्या बुडख्याशी तीन वर्षं झगडलो. पहिल्या वर्षी मीठ, दुसऱ्या वर्षी डिझेल, तिसऱ्या वर्षी नुसता राग. या तीन वर्षांत मी त्या झाडाला मारत नव्हतो, त्याची छाटणी करत होतो, हे फार उशिरा कळलं. दरीत किंवा खोऱ्याच्या तळाशी, जिथे उन्हाळा भाजून काढतो आणि पायाखाली भारी चिकणमाती असते, तिथे एक गोष्ट आधी पक्की करावी लागते: काम कोणत्या हत्याराने करायचं यापेक्षा ते कोणत्या दिवशी करायचं. खाली जे लिहिलंय ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी फुटवा कुठून येतोय ते बघा

हे न बघता केलेला कुठलाही उपाय अर्धाच लागू पडतो. बुडख्याभोवतीची माती वीतभर उकरा आणि एक फुटवा हाताने चाचपत त्याच्या उगमापर्यंत जा.

फुटवा बुडख्याच्या सालीतून, मातीच्या पातळीपाशी निघाला असेल, तर सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जागे झालेत. सुबाभूळ, निलगिरी, पिंपळ यांचं हेच असतं. निलगिरीच्या बुडाशी तर बऱ्याचदा गाठीसारखा फुगवटा असतो आणि तो डोळ्यांनी खच्चून भरलेला असतो. तो फुगवटा जाग्यावर ठेवून वरचं खोड कितीही खाली कापा, काही उपयोग नाही.

फुटवा बुडख्यापासून दोन-तीन मीटरवर, आडव्या जाणाऱ्या मुळावरून वर आला असेल, तर प्रकरण वेगळं. शिसव आणि कडुनिंब यात पटाईत. मुळाला कुदळ लागली, करवत लागली, की जखमेपाशी नवा कोंब. अशा झाडाचा बुडखा यंत्राने भुगा केला तरी लांबची मुळं जिवंत राहतात आणि आपापला संसार मांडतात.

तिसरी शक्यता लोक विसरतात: तो फुटवा नसून रोप असेल. उपटून बघा. स्वतःचं सोटमूळ घेऊन सरळ वर आलं तर ते बियांतून उगवलंय. सुबाभळीचं बी कठीण कवचाचं, मातीत वर्षानुवर्षं दम धरून राहतं. झाड गेल्यावर सावली हटते, ऊन पडतं आणि ती सगळी पलटण एकदम उगवते. यावर बुडख्याला औषध लावून काय होणार? रोपं कोवळी असताना ओल्या मातीतून उपटत राहणं, एवढंच.

आणि चौथी: फुटवा शेजारच्या जिवंत झाडाच्या मुळावरचा निघाला, तर त्याच्यावर तणनाशक अजिबात मारू नका. ते मुळातून थेट त्या झाडात जातं. एकाच जातीची दोन झाडं जवळ असली की त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळून गेलेली असू शकतात. मग एका बुडख्याला पाजलेलं औषध दुसऱ्याच्या शेंड्यावर दिसतं.

माड किंवा ताडासारख्या झाडांचं मात्र सोपं आहे. वाढीचा एकच कोंब शेंड्यात, तो गेला की एकखोडी झाड संपलं. तिथे बुडखा फक्त कुजायची वाट बघायची.

तो जगतो कशावर

वर पान नाही, तरी बुडखा जिवंत राहतो, कारण मुळांत आणि खोडाच्या बाहेरच्या लाकडात साठवलेला स्टार्च. ही त्याची पुंजी. नवी पालवी फुटायच्या ऐन आधी पुंजी भरलेली असते. पालवी फुटते तेव्हा ती खर्च होते. पानं पूर्ण उघडून कामाला लागली की पुन्हा जमा होऊ लागते.

आता आपण काय करतो ते बघा. झाड निष्पर्ण आहे, कापायला हलकं, पानांचा कचरा नाही, म्हणून ते सुप्तावस्थेत तोडतो. म्हणजे पुंजी भरलेली असतानाच. जळणासाठी किंवा वाशांसाठी मुद्दाम धुमारे हवे असणारे लोक नेमकं याच वेळी झाड तोडतात! आपल्याला जे नको असतं त्याची उत्तम पद्धत आपण हौसेने वापरतो.

फुटवे छाटतानाही तीच चूक. 'जरा मोठे होऊ देत, मग एकदाच कापू' म्हणत आपण त्यांना चार महिने देतो. तेवढ्यात त्यांनी मुळांकडून घेतलेलं कर्ज व्याजासकट फेडलेलं असतं. फुटवा काढायची खरी वेळ म्हणजे पहिली पानं नुकती पूर्ण उघडली तेव्हाची. खर्च झाला, कमाई सुरू झाली नाही. गरम हवेत ही वेळ दोन-तीन आठवड्यांतच येते. दर पंधरा दिवसांनी बुडख्याकडे चक्कर मारायची आणि फुटवा कात्रीने कापण्याऐवजी खाली दाबून, सालीच्या तुकड्यासकट तोडायचा. कात्रीने कापला की खाली दोन डोळे शिल्लक राहतात.

यात औषध नाही, खर्च नाही, पण सातत्य लागतं. लहान बुडखा एका हंगामात थकतो. मोठ्याला दोन, कधी तीन. सोबत बुडख्यावर जाड काळा प्लॅस्टिकचा कागद घालून कडा वीतभर मातीत गाडल्या तर काम लवकर होतं, कारण फुटवा अंधारात पुंजी उधळतो आणि हिरवा होत नाही. माझ्या सुबाभळीवर शेवटी हेच चाललं.

जे करू नये

मीठ. हे आधी लिहितो कारण सर्वात जास्त सांगितलं जाणारं आणि चिकणमातीत सर्वात जास्त नुकसान करणारं हेच. मिठातलं सोडियम मातीच्या बारीक कणांना एकमेकांपासून सुटं करतं. सुटे कण पाण्याबरोबर खाली सरकून पोकळ्या बुजवतात आणि माती आधीपेक्षा घट्ट होते: ओली असताना चिखल, वाळली की वीट. वाळूसारख्या मातीतून मीठ पावसाने धुऊन तरी जातं, इथे ते बसून राहतं. माझ्या अंगणातला तो हातभर तुकडा अजून नीट गवत धरत नाही. बुडख्याला मात्र काही झालं नाही.

डिझेल, रॉकेल, जुनं इंजिन ऑइल: माती नासते, पाणी नासतं. पेटवून देणं त्याहून वाईट. कोरड्या उन्हाळ्यात मुळं जमिनीखाली धुमसत राहतात, वरून काही दिसत नाही आणि आग दुसरीकडेच बाहेर येऊ शकते. वाळलेल्या गवताच्या दरीत हा प्रयोग नकोच.

बुडख्याला भोकं पाडून पोटॅशियम नायट्रेट भरण्याचा सल्ला मिळतो. त्याने जिवंत बुडखा मरत नाही. मेलेल्या लाकडाला नत्र मिळून कुजणं थोडं लवकर होतं, इतकंच. आणि कुजण्याला नत्रापेक्षा ओल आणि हवा दोन्ही एकदम लागतात. चिकणमातीत नेमकी हीच अडचण: उन्हाळ्यात लाकूड इतकं कोरडं की बुरशी चालत नाही, पावसाळ्यात इतकं पाण्यात की हवा नाही. म्हणून इथे बुडखा वर्षानुवर्षं तसाच पडलेला दिसतो. कुजवायचाच असेल तर वर ओलसर पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा, आणि उन्हाळ्यात मधूनमधून त्यावर पाणी मारा.

औषध लावायचंच असेल तर

ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायर ही तणनाशकं; दोन्हींबाबत तुमच्याकडचे नियम आणि डब्यावरची सूचना आधी वाचा. हातमोजे आणि चष्मा घाला. लोकांना अपयश येतं ते दोन ठिकाणी.

एक, वेळ. पाण्यात विरघळणारं औषध ताज्या कापावर लगेच, पाच-दहा मिनिटांत लावावं लागतं. सकाळी कापून संध्याकाळी लावलं तर कापलेलं तोंड मिटलेलं असतं. जुना बुडखा असेल तर त्याची दोन बोटं जाडीची ताजी चकती कापून लगेच लावा. दोन, जागा. बुडख्याच्या मधोमध ओतून काही होत नाही. तिथलं लाकूड मेलेलंच असतं. साल आणि तिच्या आतली बोट-दोन बोटं रुंदीची कड, एवढीच जिवंत. ब्रशने तेवढंच कडं भिजवा. लावण्यापूर्वी भुसा आणि माती झाडून घ्या, नाहीतर औषध तेच पितात.

आणि इथे हंगाम उलटा होतो. हाताने थकवायचं तर पालवी नुकती उघडल्यावर. औषध द्यायचं तर पानं जून होऊन साखर मुळांकडे पाठवू लागतात तेव्हा, कारण ग्लायफोसेट त्या साखरेबरोबरच खाली जातं. पालवीच्या दिवसांत कापातून रस पाझरत असताना लावलेलं औषध तो रस बाहेर ढकलतो.

खणून काढताना: वाफसा

चिकणमाती उन्हाळ्यात दगड असते. पहार आपटली की ठिणगी उडेल असं वाटतं. पावसाळ्यात तीच माती फावड्याला चिकटून चार किलोचा गोळा होते. या दोन टोकांच्या मध्ये काही थोडे दिवस येतात, त्याला वाफसा म्हणतात, आणि बुडख्याचं काम त्या दिवसांत व्हायला हवं.

ओळखायचं असं: पंधरा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडूसारखा गोळा करा, अंगठ्याने टोचा. भुगा होऊन सुटली तर वाफसा. गोळा नुसताच दबला, तर ओली आहे, थांबा. गोळाच होत नसेल तर कोरडी. कोरड्या दिवसांत वाफसा स्वतः आणता येतो. बुडख्याभोवती मीटरभराचं आळं बांधा, संध्याकाळी हळूहळू पाणी भरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा भरा, मग तीन-चार दिवस जाऊ द्या. चिकणमातीत पाणी फार सावकाश उतरतं, तासाला काही मिलिमीटर. म्हणून पाइप सोडून देऊन उपयोग नाही, पाणी बाजूला वाहून जातं.

झाड अजून उभं असेल आणि खोड वीतभर जाडीच्या आतलं असेल, तर जमिनीलगत कापू नका. छातीपर्यंत खोड ठेवा. तीच तुमची तरफ. आधी खोडापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा, आडवी मुळं उघडी करा, पाण्याच्या झोताने माती धुवा (करवतीची धार वाचते), मग एकेक मूळ तोडा. त्यानंतर खोड चारी दिशांना हलवत राहिलं की सोटमूळ कुठे अडकलंय ते कळतं. साखळी लावून गाडीने ओढण्याचा मोह होतो. साखळी तुटून मागे येते तेव्हा ती कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. जाड बुडख्यासाठी यंत्र बोलवा.

यंत्राने बुडखा साधारण २० ते ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत भुगा होतो. त्याआधी पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या तारा कुठून जातात ते शोधून खुणा करा. मातीत वाफसा हवा इथेही: ओल्या मातीत यंत्राची चाकं रुततात आणि आसपासची जमीन दाबून टाकतात.

खड्डा परत परत का खचतो

यंत्र गेल्यावर लाकडाचा भुगा मातीत मिसळून तिथेच ढकलला जातो. भुगा कुजतो, आकसतो, खड्डा बसतो. शिवाय ताज्या लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम. कुजवणारे जीव आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि त्यावर लावलेलं गवत पिवळं पडतं. भुगा जेवढा निघेल तेवढा काढा. वाया घालवू नका, दुसऱ्या झाडाखाली आच्छादन म्हणून तो उत्तम. मातीत मिसळला तर त्रास, मातीवर पसरला तर फायदा.

भरायला तिथलीच माती घ्या. वाळू भरली तर चिकणमातीच्या भांड्यात वाळू अशी अवस्था होते, आजूबाजूचं पाणी तिथे येऊन साठतं. कोरडी ढेकळं तशीच टाकली तर मध्ये पोकळ्या राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली जातं. ढेकळं फोडा, वीतभराचे थर द्या, प्रत्येक थर पायाने हलका दाबा आणि शेवटी जमिनीच्या वर चार बोटं उंचवटा ठेवा.

शेजारचं झाड का सुकतंय

हे दुखणं बुडख्याइतकंच नेमाने येतं आणि त्याचा दोष सहसा रोगावर जातो. खरं कारण साधं असतं. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात, आणि चिकणमातीत हवा खाली पोचत नसल्याने त्याहूनही वर. ती फांद्यांच्या घेऱ्याच्या बाहेरही लांब पसरतात. म्हणजे बुडखा काढताना चर खणला, तेव्हा या झाडाचीही मुळं तुटली. त्यात सावली गेली, दुपारचं ऊन थेट खोडावर आलं.

पानं मलूल दिसली की लोक पाणी ओततात. थांबा. चिकणमातीत तहानेने आणि बुडून, दोन्हीनी पानं तशीच मलूल होतात. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाण्यात उभी राहूनही पाणी ओढू शकत नाहीत. जाड सळई जमिनीत दाबा. ओल्या मातीत ती सरकते, कोरड्या थराला लागली की थांबते. सहा-सात इंचांवर थांबली तर झाड तहानलेलं आहे. सहज दोन फूट गेली आणि बाहेर काढल्यावर चिखल लागला, आंबूस वास आला, तर पाणी बंद करा आणि साठलेलं पाणी बाहेर जायला उतार द्या. दरीच्या तळाशी वरच्या उताराचंही पाणी येऊन बसतं, ते आपण घातलेलं नसलं तरी झाडाच्या हिशोबात धरावं लागतं.

तहान असेल तर पाणी खोडाशी नको, घेऱ्याच्या कडेला. थोडं सोडा, जिरू द्या, तासाभराने पुन्हा. वर तीन-चार इंच पालापाचोळा, खोडापासून वीतभर अंतर ठेवून; खोडाला टेकवलं तर साल कुजते. मातीला भेगा पडल्या असतील तर आधी भेगांत बारीक माती सारा, कारण भेगेतून वारा खोलवर जातो आणि उघडी पडलेली मुळं वाळतात. उघड्या पडलेल्या खोडाला पश्चिमेच्या बाजूने पातळ चुना लावा. खत घालू नका आणि त्या वर्षी छाटणीही नको. पान कमी केलं तर पाणी कमी लागेल हा हिशोब वरवर बरोबर वाटतो, पण मुळं पुन्हा वाढवायचं अन्न त्याच पानांतून येतं.

मात्र जिवंत झाडाच्या बुडाशी ताटलीसारखी कडक अळंबी दिसली, तर हे सगळं बाजूला ठेवून झाडांच्या जाणकाराला बोलवा. मुळं आतून कुजली असण्याची ती खूण, आणि असं झाड वरून हिरवंगार असतानाही कोसळतं.

घराच्या भिंतीजवळ

भारी चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीजवळचं मोठं झाड वर्षानुवर्षं खालचं पाणी ओढून माती आकसलेली ठेवतं. ते एकदम काढलं की माती हळूहळू पाणी परत घेते आणि वर उचलते. हे काही वर्षं चालू शकतं. म्हणून झाड तोडल्यावर भिंतीला नव्या भेगा दिसल्या तर लगेच गिलावा करू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून तारीख लिहा, अंतर दर महिन्याला मोजा. वाढत असेल तर बांधकामातल्या अभियंत्याला दाखवा. मोठं झाड भिंतीला खेटून असेल तर तोडण्याआधीच विचारलेलं बरं. सांडपाण्याच्या पाइपाचा राग मात्र झाडावर काढू नका. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत, गळणाऱ्या सांध्यातून आत शिरतात. सांधा दुरुस्त केला नाही तर पुढच्या झाडाची मुळंही तिथेच येतील.

नवं झाड लावायचं तर जुन्या खड्ड्यात नको, मीटर-दीड मीटर बाजूला. खड्डा खणताना फावड्याने भिंती गुळगुळीत घोटल्या गेल्या असतील तर त्या पहारीने ओरबाडा, नाहीतर मुळं मडक्यातल्यासारखी गोल फिरतात. माझ्या सुबाभळीच्या जागी मी काही लावलेलं नाही. काळा कागद गेल्या पावसाळ्यात काढला, फुटवा आला नाही, पण जागा पुन्हा दोन बोटं खचली आहे. वाफसा आला की आणखी चार घमेली माती टाकायची आहे.